लाईट गेलेली असताना

१

जीवन अंभुरे मेला तेव्हा लाईट गेलेली होती. पाण्याकाठच्या त्या मुक्कामावर जे कोणी होते, ते सगळे ही एक गोष्ट देवाची आण घेऊन सांगत होते. आणि डॉक्टर सांगत होते की माणूस करंटने गेला. उजव्या तळहातावर भाजल्याची खूण होती, तशीच एक बारीक खूण टाचेला.

दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, हे जिंतूरच्या पोलिसांना उलगडेना. म्हणून प्रकरण परभणीला संघप्रिया खिल्लारेकडे आलं. ती विद्युत निरीक्षकांच्या कचेरीत सहायक होती. जिल्ह्यात विजेने माणूस गेला की कशाने गेला हे शोधायचं काम तिच्याकडे यायचं. मोटारीच्या पेटीला चिकटलेली, कूलरला हात लागून गेलेली, तारेवर आकडा टाकताना खाली आलेली माणसं तिने पाहिली होती. पण लाईट नसताना करंट लागलेला माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता.

दुपार कलताना ती पोचली. येलदरीच्या धरणाचं पाणी जिथे फुगून मागे शेतांत शिरतं, तिथे किशनराव नावाच्या शेतकऱ्याची पट्टीभर जमीन उरलेली. तिच्यावर पत्र्याच्या चार खोल्या, एक स्वयंपाकाची शेड, आणि गाड्या लावायला ओळीने खांब, प्रत्येक खांबाला प्लगची पेटी. हल्ली लोक गाडीतच घर करून फिरतात, त्यांनी इथे यावं, रात्रभर लाईट-पाणी घ्यावं, पक्षी बघावेत, असा तो बेत. पलीकडची वाडी निम्मी ऊसतोडीला गेलेली. घरोघर कुलपं. थंडीचे दिवस, पाण्यावर धूर उठल्यासारखं धुकं, आणि अगदी काठाला शेंदूर फासलेले सात दगड. पाण्यातल्या सात देवींचे, आसरांचे.

ओळीच्या टोकाला जीवनची घरगाडी एकटीच उभी होती. जुन्या मिनीबसचं त्याने स्वतः घर केलं होतं. खिडक्यांना त्याच्या बायकोने, सविताने शिवलेले फुलाफुलांचे पडदे. दाराशी स्टीलचा दांडा, आत चढताना धरायला.

संघप्रिया त्या दांड्याकडे वाकली, तसा मागून आवाज आला.

"बाई, तिला हात लावू नका. ती जित्ती हाय."

२

बोलणारी झुंबरबाई होती, मुक्कामावर भाकरी थापणारी. ती शेडच्या पुढे यायला तयार नव्हती. हवालदार भागवत हसला, पण संघप्रिया तिच्यापाशी जाऊन चुलीजवळ बसली.

झुंबरबाईने जे सांगितलं त्यातलं बरंचसं वाडीतही सांगत होते. आसरांच्या जागेवर गाडी लावली, त्यांनी माणूस नेला. पण तिने काही गोष्टी स्वतः पाहिल्या होत्या. गाडीतले दिवे आपोआप मंद व्हायचे, पुन्हा तेज व्हायचे, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखे. दाराशेजारी जीवनने एक पेटी बसवली होती, ती मधूनच 'टक्' करायची आणि गाडी अंधारात जायची. घटकाभराने पुन्हा 'टक्', पुन्हा उजेड. जवळ कोणी नसताना. मुक्कामावरचं कुत्रं आधी गाडीखालीच झोपायचं. एके दिवशी ते केकाटत बाहेर आलं, ते परत गेलं नाही. आणि एकदा झुंबरबाई ताट द्यायला गेली, दांड्याला हात लागला, तर हातातून खांद्यापर्यंत मुंग्या चढत गेल्या.

"चप्पल होती का पायात, मावशी?"

"न्हाई. चिखल व्हता म्हणून शेडपाशीच काढली व्हती."

"हे कधी व्हायचं? दिवसभर?"

झुंबरबाईने विचार केला. "सांजच्याला. किशनराव टाकीत पाणी चढवायला मोटार चालू करायचे ना, तवा."

जीवन गेला त्या तिन्हीसांजेलाही मोटार चालू केली होती. ती चालू झाली आणि थोड्याच वेळात सगळा मुक्काम गुडूप अंधारात गेला. जीवन पाण्यावरून पक्षी बघून परत येत होता. मग सविताबाईंची किंकाळी.

"तुम्ही लगेच धावलात?"

"उशीर झाला बाई. आधी आयकूच आली न्हाई. वाडीतली गिरणी चालू व्हती, तिची घरघर इथवर येती."

संघप्रियाने चहाचा कप खाली ठेवला. वाडीतली गिरणी विजेवर चालते का, हे तिने भागवतला विचारलं. भागवत म्हणाला, हो, आणि वाडी न् मुक्काम एकाच डीपीवर, एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत.

म्हणजे त्या सांजेला लाईट गेलीच नव्हती.

३

सविता पत्र्याच्या खोलीत राहत होती. दिवसकार्य उरकलं होतं, बोरीच्या घरी नेऊ म्हणून दीर येऊन गेले होते, पण गाडी मागे टाकून ती जाईना. पोलिसांनी तिच्याबद्दल संघप्रियाच्या कानावर घातलंच होतं: नवराबायकोत भांडण होतं, बाईला ही गाडी नको होती.

सविताने ते लपवलं नाही. भांडण होतं. जीवन एसटीच्या कार्यशाळेतून रिटायर झाला आणि त्याने सगळा जीव या गाडीत ओतला. तिला वाटायचं, आयुष्यभर बसखाली झोपलेल्या माणसाने आता तरी घरात झोपावं. पण पहिल्या प्रवासात, कुठल्याशा तळ्याकाठी, सकाळी त्याने तिला गाडीच्या दारात बसवून चहा करून दिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने चहा कधी केला नव्हता. त्या दिवसापासून ती पडदे शिवायला लागली.

"विजेच्या बाबतीत फार भित्रे होते," ती म्हणाली. "परक्या जागची लाईट कशी असेल सांगता येत नाही म्हणायचे. म्हणून ती पेटी. त्याला राखण्या म्हणायचे. विजेचा दाब कमी झाला, जास्त झाला, अर्थिंग नसलं, की राखण्या लाल दिवा दाखवायचा न् लाईट आत सोडायचाच नाही."

इथे आले तेव्हा राखण्याने लाल दिवा दाखवला होता. अर्थिंग नाही. मुक्कामाचा भागीदार शिवप्रसाद, ज्याचं जिंतूरला पंपांचं दुकान होतं आणि ज्याने इथली सगळी वायरिंग करवून घेतली होती, तो म्हणाला, करून देतो. रविवारी घरगाडीवाल्यांचा मोठा मेळा इथे यायचा होता, बायकापोरांसकट. जीवनने त्याला बजावलं होतं की अर्थिंग झालं नाही तर मी सगळ्यांना कळवून टाकीन, येऊ नका म्हणून. मग एके सकाळी दिवा हिरवा झाला. जीवन खूष झाला. तोवर तो रबरी चप्पल घातल्याशिवाय दांड्याला हात लावत नव्हता, तिलाही लावू देत नव्हता. त्या दिवसापासून अनवाणी हिंडायला लागला. त्यानंतरही राखण्या मधूनच टक् करायचा, तेव्हा म्हणायचा, दाब कमी झाला असेल, तो त्याचं काम करायलाय.

"आणि त्या संध्याकाळी?"

सविताने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. अंधार झाला म्हणून ती शेडमधून कंदील घेऊन निघाली होती. जीवन दाराशी पोचलेला. त्याने दांडा धरला आणि तसाच उभा राहिला. हाक मारली तर बोलेना. कंदील वर केला तर डोळे उघडे, तोंड उघडं, सगळं अंग बारीक थरथरत. ती त्याला धरायला धावली.

"शिवप्रसादभाऊंनी मला मागून ओढलं. 'वहिनी, हात लावू नका' असं ओरडले आणि मला खाली पाडलं. मग पळत जाऊन प्लग उपसला, तेव्हा हे खाली पडले. ते नसते तर मीही गेले असते, मॅडम. त्यांचे उपकार कसे फेडू?"

जीवनला सगळ्यांनी वाडीतल्या जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. वाटेतच तो गेला. शिवप्रसाद मुक्काम बंद करून मागून आला होता.

संघप्रिया बाहेर आली. तिने गाडीचा प्लग खांबावरच्या पेटीत घातला आणि राखण्याकडे पाहिलं. सविता तिच्या मागे येऊन थबकली होती.

दिवा लाल होता.

"असं कसं?" सविता म्हणाली. "दुपारी तर हिरवा होता. ते गेले त्या दुपारी. मी पाहिला होता."

४

शिवप्रसाद जिंतूरहून आला तो हातात फळांची पिशवी घेऊन. पिशवी त्याने सविताच्या दाराशी ठेवली. इस्त्रीचा शर्ट, मवाळ बोलणं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याला संघप्रियाकडून एवढंच हवं होतं की मुक्कामाच्या वायरिंगचा दोष नाही असा निर्वाळा मिळावा. रविवार तोंडावर आला होता.

त्याच्याकडे उत्तर तयार होतं. घरगाडीत बॅटऱ्या असतात, बॅटरीवर इन्व्हर्टर असतो. बाहेरची लाईट गेली की इन्व्हर्टर आतली वीज सुरू करतो. जीवनराव सगळं स्वतः करायचे, एखादी वायर गाडीच्या पत्र्याला लागली असणार. "मेलेल्या माणसाला दोष द्यायचा नाही मॅडम, पण तुम्हीच सांगा, लाईट नसताना दुसरा करंट येईल कुठून?"

हे पटण्यासारखं होतं. भागवतने तर मान डोलावून टाकली. संघप्रिया गाडीत चढली. आत सगळं नीट लावलेलं: दोन कप, दोन उशा, खिडकीत दुर्बीण. तिने मागच्या बाकाची फळी उचलली.

बॅटऱ्या होत्या. पण त्यांच्या वायरी काढलेल्या होत्या, आणि टोकांना फाटक्या बनियनच्या चिंध्या गुंडाळलेल्या. शेजारी पाणी घालायची बाटली, झाकण उघडं. सविताने दारातूनच सांगितलं, त्या दुपारी बॅटरीत पाणी घालायला त्यांनीच काढल्या होत्या. परत जोडायच्या राहून गेल्या.

गाडीच्या पोटात वीज नव्हती. इन्व्हर्टर निर्दोष होता.

संघप्रियाने मग शिवप्रसादला अर्थिंगचा खड्डा दाखवायला सांगितला. शेडमागे सिमेंटचं चौकोनी झाकण होतं, वर हिरवा रंग. तिने ते सरकवून आत बादलीभर पाणी ओतलं. पाणी जिथल्या तिथे उभं राहिलं. खाली काळा खडक, आणि त्यात हातभरही न गेलेला एक पाइप.

किशनरावांनी डोक्यावरची टोपी काढली. "तू तर म्हणलास झालं म्हणून."

"खडक फोडायची मशीन येणार होती, काका," शिवप्रसाद म्हणाला. "पण यानं काय होतं? अर्थिंग नाही म्हणून लाईट नसताना माणूस मरतो का?"

संघप्रिया एव्हाना पुढे गेली होती. खांबावरच्या पेटीचं झाकण काढून ती आत बघत होती. अर्थिंगच्या स्क्रूचं डोकं घासून चकचकीत झालेलं होतं, शेजारच्या न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या तारेच्या स्क्रूचंही. दोन्हींवर एका बारीक तारेचा वळसा उमटला होता. तार मात्र नव्हती.

मग ती मीटरपासून आलेल्या वायरीच्या मागे मागे चालत गेली, बाभळीपाशी मुक्कामाचा जो स्वतःचा खांब होता तिथवर. वर दोन वायरींचा जोड होता. वाऱ्याची झुळूक आली तसा तो हलला, आणि मुक्कामावरचे दिवे मंद झाले, पुन्हा उजळले. जोड जळून काळा पडला होता.

"लाईट परत कधी आली होती?" तिने वर बघतच किशनरावांना विचारलं.

"दुसऱ्या दिवशी पहाटं. आपोआप आली बघा. कुनी हात बी लावला न्हाई."

सूर्य पाण्याला टेकला होता. संघप्रियाने सगळ्यांना गाडीपासून लांब, शेडखाली कोरड्या फळ्यांवर उभं राहायला सांगितलं.

५

तिने रबरी हातमोजे चढवले. पेटीतल्या त्या दोन स्क्रूंमध्ये वायरीचा एक बारीक तुकडा अडकवला आणि गाडीचा प्लग लावला. 'टक्' झालं. राखण्याचा दिवा हिरवा झाला. सविताच्या तोंडून हलकासा आवाज निघाला.

मग तिने किशनरावांना मोटार चालू करायला लावली. पाणी टाकीत पडायचा आवाज सुरू झाला. भागवत कोरडा बांबू घेऊन बाभळीपाशी उभा होता. तिने खूण केली तशी त्याने जोड ढकलला.

सगळा मुक्काम अंधारात गेला. मोटार गप्प झाली. राखण्याने पुन्हा 'टक्' केलं आणि त्याचा दिवा विझला. धुकं काठावरून वर आलं होतं, त्यात गाडी नुसती पांढुरकी दिसत होती. वाडीतल्या गिरणीची घरघर तेवढी येत होती.

संघप्रियाच्या हातात एक साधा बल्ब होता, दोन लांब वायरींना जोडलेला. एक वायर तिने ओल्या मातीत ठोकलेल्या पहारीला बांधली. दुसरी दाराच्या दांड्याला लावली.

बल्ब पेटला.

चार खोल्या काळ्या, शेड काळी, खांब काळे, आणि मध्ये तो एकटा पिवळा बल्ब, कुठल्याच लाईटीवर नसलेला. झुंबरबाईने सात दगडांकडे तोंड करून हात जोडले. कुत्रं लांबून रडायला लागलं. सविता त्या उजेडाकडे बघत होती, तिचा नवरा जिथे उभ्या उभ्या चिकटला होता त्या जागेकडे.

"बंद करा," शिवप्रसाद म्हणाला. "बंद करा ते."

६

भागवतने मुख्य बटण पाडल्यावर कंदिलाच्या उजेडात संघप्रियाने सांगायला सुरुवात केली. ती मुख्यतः सविताशीच बोलत होती.

वीज एका तारेने येते आणि दुसरीने परत जाते. बाभळीवरची परतीची तार तुटली. दिवे विझले, सगळ्यांना वाटलं लाईट गेली. पण येणारी तार चालूच होती. तिची वीज मोटारीतून पुढे आली आणि परतीच्या तारेत येऊन थांबली, बांध घातलेल्या पाण्यासारखी. तिथून तिला दुसरी वाट नसती तर काहीच झालं नसतं. पण वाट कोणीतरी करून दिली होती. खऱ्या अर्थिंगच्या जागी, पेटीच्या आत, ती परतीची तारच गाडीच्या पत्र्याला जोडली होती. तेवढ्याने राखण्या फसला आणि हिरवा झाला. जोड सैल होता तोवर नुसत्या मुंग्या यायच्या, जोड सुटला तेव्हा सगळा दाब दांड्यावर आला. पहाटे वाऱ्याने तो जोड पुन्हा टेकला, म्हणून लाईट आपोआप आल्यासारखी वाटली.

"पण राखण्यानं तोडलं नाही का?" सविताने विचारलं.

"तोडलं, ताई. त्याला दोन तारा तोडता येतात. तिसरी, अर्थिंगची, तो कधीच तोडत नाही. ती जीव वाचवायची तार असते."

शिवप्रसादने घसा खाकरला. तो तुकडा तर आत्ता मॅडमनी घातला, तो म्हणाला. त्या दिवशी तो होता याला काय पुरावा? आणि असलाच, तर कोणी घातला कशावरून?

"तो नसता तर त्या दुपारी दिवा हिरवा दिसला नसता. आज मी आले तेव्हा लाल होता. म्हणजे मधल्या काळात तुकडा निघाला. सगळे जीपमधून गेले तेव्हा मुक्कामावर एकटे तुम्ही होतात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पोलिसांचा पहारा आहे."

"कुणीही येऊ शकतं. उघडी जागा आहे."

"येऊ शकतं," संघप्रिया म्हणाली. "म्हणून मी त्यावर जात नाही. मला एकच सांगा. दिवे गेले, अंधार झाला. लाईट गेली असं सगळ्यांना वाटलं. किशनरावांना वाटलं, मावशींना वाटलं. लाईट गेलेली असताना माणूस थरथरताना दिसला तर कोणालाही वाटेल की झटका आला, साप चावला. माणूस त्याला धरायला धावतो. ताई धावल्या. तुम्ही ओरडलात, हात लावू नका. धावलात ते प्लगकडे. अंधारात उभ्या असलेल्या गाडीत करंट आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

गिरणी थांबली होती. शिवप्रसादने एकदा किशनरावांकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. मग तो फळीवरच बसला.

त्याने फार सांगितलं नाही. खडक लागला. मशीनवाला आज येतो उद्या येतो करत होता. जीवनराव ऐकत नव्हते. एवढासा तुकडा, रविवारपर्यंतच ठेवायचा होता. दिवे गेले आणि जीवनराव दांड्याशी ताठ झालेले दिसले, तेव्हा त्याला एका क्षणात सगळं कळलं. "जोड सुटेल असं वाटलंच नव्हतं," तो म्हणाला, आणि तेच पुन्हा म्हणाला.

किशनरावांनी त्याच्याकडे पाठ केली. भागवतने मेळ्याच्या लोकांना फोन लावून येऊ नका म्हणून सांगितलं आणि मग कंदिलापाशी बसून सविताचं बयाण लिहायला घेतलं.

तिने सावकाश सांगितलं. लाल दिवा, हिरवा दिवा, जीवनने काढून ठेवलेली चप्पल, कंदील. दांड्यापाशी आल्यावर ती थांबली, आणि भागवतला वाटलं बयाण संपलं. त्याने पेनाला टोपण लावलं.

"अजून आहे," ती म्हणाली. "मी यांना धरायला गेले तेव्हा शिवप्रसादभाऊंनी मला ओढून वाचवलं. तेही लिहा."

शिवप्रसादने मान वर केली. इतका वेळ कोरडे असलेले त्याचे डोळे भरून आले होते.

"वहिनी, ते नका लिहू," तो म्हणाला. "ते तेवढं राहू द्या. माझ्या नावावर उपकार नका लिहू."

सविताने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत राग होता, तो लपत नव्हता.

"का बरं राहू द्यायचं?" ती म्हणाली. "जे झालं ते सगळं लिहायचं आहे."

आणि ती भागवतला सांगत राहिली, कुठल्या खांद्याला धरून ओढलं, ती कुठे पडली, उठून पाहिलं तेव्हा जीवन कसा दिसला. आणि भागवत तिच्या मागे मागे एकेक शब्द लिहीत गेला.